शोकाची प्रार्थना

गिरगावातून दादरकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन नावे सहज येतात. एक 'प्रार्थना समाज' आणि दुसरे 'पोर्तुगीज चर्च'. पहिले उच्चारताना त्याच्या मनात चौक असतो आणि दुसरे उच्चारताना बसचा थांबा. रोजच्या वापराने नाणे गुळगुळीत व्हावे तशी ही नावे झाली आहेत. वास्तविक १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने 'प्रार्थना म्हणजे काय आणि ती कशासाठी करावी' हा प्रश्न या शहरापुढे मोठ्या गांभीर्याने मांडला होता. ऐहिक फळ मिळावे म्हणून प्रार्थना करावयाची नसते, आत्म्याची उन्नती व्हावी म्हणून करावयाची असते, अशी त्या मंडळींची भूमिका होती. त्यांच्या उपासनेत अभंग तुकोबांचे असत, परंतु बैठकीची घडण पाहिली तर ख्रिस्ती मंदिरातील उपासनेची आठवण व्हावी. दादरचे पोर्तुगीज चर्च तर त्याहून कितीतरी जुने. त्याची स्थापना १५९६ ची. आज दिसणारी इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे १९७० नंतरच्या दशकात उभी राहिली.

या दुसऱ्या नावामागे जी उपासना आहे तिचा एकच भाग आज आम्ही विचारासाठी घेतला आहे. घरात मृत्यू झाला, मूल गेले, जोडीदार गेला, अशा वेळी ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतो म्हणजे नेमके काय करतो? त्याला तीत सांत्वन मिळते असे तो सांगतो. ते कोणत्या वाटेने मिळते? धर्माचा प्रसार करावा हा आमचा हेतू नाही आणि त्याचे खंडन करावे हाही नाही. आपल्या शेजारी राहणारा माणूस दुःखाच्या घटकेला काय करतो हे समजून घेणे हा शेजारधर्माचाच एक भाग आहे. वसंत ऋतूतल्या व्याख्यानाला शोकाचा विषय शोभत नाही, असे कोणी म्हणेल. पण दुःख ऋतू पाहून येत नाही. शिवाय ख्रिस्ती पंचांगात मृत्यूचा आणि पुनरुत्थानाचा मोठा सण, म्हणजे ईस्टर, २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान, ऐन वसंतातच येतो.

नाकारलेली मागणी

प्रार्थना म्हणजे मागणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मागितले ते मिळाले तर प्रार्थना फळली, न मिळाले तर वाया गेली. या हिशेबाने पाहिले तर शोकात प्रार्थनेला जागाच उरत नाही. कारण ज्याच्यासाठी मागावयाचे तो तर गेला. मग उरते ते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ख्रिस्ती धर्माच्या अगदी मुळाशी असलेला एक प्रसंग लक्षात घ्यावा लागतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने नावाच्या बागेत गेला. आपल्यावर येणारे संकट टळावे अशी त्याने देवाजवळ एकदा नव्हे, तीनदा प्रार्थना केली. बरोबर नेलेल्या शिष्यांना त्याने जागे राहावयास सांगितले होते. ते झोपी गेले. संकट टळले नाही. दुसऱ्या दिवशी तो वधस्तंभावर गेला आणि तेथेही देवाने आपल्याला का टाकले, असे विचारणारा शब्दच त्याच्या मुखातून निघाला.

म्हणजे ज्याला ख्रिस्ती लोक ईश्वराचा पुत्र मानतात, त्याचीच मागणी नाकारली गेली. आणि ही गोष्ट त्यांच्या धर्मग्रंथाने लपवून ठेवलेली नाही. उलट दरवर्षी पवित्र आठवड्यात ती मोठ्याने वाचली जाते. ज्या आईचे मूल प्रार्थना करूनही वाचले नाही, तिला 'तुझी श्रद्धा कमी पडली' असे सांगण्याची सोय या प्रसंगाने ठेवलेली नाही. असे सांगणारे लोक ख्रिस्ती समाजातही असतात, जसे ते सर्वच समाजांत असतात. परंतु त्यांना गेथशेमानेचा आधार मिळत नाही. मागणे मान्य झाले नाही म्हणून संबंध तुटला असे नव्हे, हा या प्रार्थनेचा पहिला धडा आहे.

तक्रारीचा अधिकार

दुसरा धडा जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत आहे. यहुदी लोकांनी हजारो वर्षे गायिलेली ही १५० स्तोत्रे ख्रिस्ती उपासनेचा कणा आहेत. स्तोत्र म्हटले म्हणजे आपल्यासमोर स्तुती येते. पण या १५० पैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे स्तुतीची नसून विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राचा कर्ता 'किती काळ?' हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. छप्पन्नाव्या स्तोत्रात देव माणसाची आसवे बुधलीत साठवून ठेवतो अशी विलक्षण कल्पना आहे. आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधाराचेच आहे. इतर विलापस्तोत्रांच्या अखेरीस बहुधा आशेचा एखादा किरण येतो. येथे तोही नाही. अंधाराच्या उल्लेखावरच ते संपते. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना ते वगळता आले असते, निदान शेवटी दोन ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. काही रात्री अशाच संपतात, हे त्यांनी जाणले होते.

योहानाच्या शुभवर्तमानात लाजराच्या मृत्यूची कथा आहे. त्याच्या दोन बहिणी, मार्था आणि मरिया, येशूला वेगवेगळ्या भेटतात आणि दोघी एकच तक्रार करतात: तू येथे वेळेवर असतास तर आमचा भाऊ गेला नसता. येशू या तक्रारीबद्दल मरियेला रागावत नाही. तो स्वतः रडतो. हे वाक्य संपूर्ण बायबलातील अत्यंत लहान वाक्यांपैकी एक आहे, आणि शोकाच्या घरी वाचण्यासाठी याच कथेची निवड वारंवार होते.

मराठी माणसाला हे अनोळखी वाटण्याचे कारण नाही. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, आणि त्यानंतर त्यांनी विठ्ठलाशी जे भांडण मांडले ते अभंगांच्या रूपाने आपल्या घराघरांत आले. देवाला जाब विचारणारा भक्त हा आपल्याकडे पाखंडी ठरला नाही, संत ठरला. देवाकडे पाठ फिरवणे वेगळे आणि देवाच्या दारात उभे राहून भांडणे वेगळे. भांडणारा माणूस निदान दार सोडून गेलेला नसतो. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, त्याचा एक अर्थ आम्हांला येथे सापडतो.

अनेकवचनी प्रार्थना

आता तिसरा मुद्दा. येशूने शिष्यांना शिकवलेली जी प्रार्थना 'प्रभूची प्रार्थना' म्हणून ओळखली जाते, ती पंथभेद विसरून सर्व ख्रिस्ती लोक म्हणतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिच्या सात विनंत्या मोजल्या जातात. तीत रोजची भाकर आहे, अपराधांची क्षमा आहे, ईश्वराची इच्छा पूर्ण होवो हे मागणे आहे. पण तिचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. आरंभापासून अखेरपर्यंत तीत 'मी' हा शब्द नाही. 'आम्ही', 'आमचा', 'आम्हांला' एवढेच आहे. एकटा माणूस कोंडलेल्या खोलीत ती म्हणू लागला तरी त्याला ती अनेकवचनातच म्हणावी लागते.

शोकाचा स्वभाव नेमका याच्या उलट असतो. शोक माणसाला एकवचनी करतो. माझ्यासारखे दुःख कोणालाच नाही, असे त्याला वाटते; आणि एका दृष्टीने ते खरेही असते. अशा माणसाला आपले स्वतःचे शब्द सुचत नाहीत. म्हणून ठरलेले शब्द उपयोगी पडतात. पाठ प्रार्थना यांत्रिक असते, तीत मन नसते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. सुखाच्या दिवसांत तो बराचसा खराही असेल. पण ज्या दिवशी मनच ठिकाणावर नसते, त्या दिवशी ओठांना ठाऊक असलेली वाट मोलाची ठरते. पाय थकले की जिन्याचा कठडा हाताने धरावा, तसे ते शब्द धरावयाचे असतात.

कॅथलिक घरांतील जपमाळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. एका फेरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. प्रत्येक मण्यावर मरियेची प्रार्थना आणि प्रत्येक गटाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना. एक जण अर्धा भाग म्हणतो, उरलेला अर्धा बाकीचे म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी चिंतनासाठी जे पाच प्रसंग ठरलेले आहेत ते दुःखाचे आहेत: बागेतील वेदना, फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावरचा वधस्तंभ आणि अखेर मृत्यू. घरात मृत्यू झाला म्हणजे शेजारीपाजारी येऊन ही माळ जपतात. शोक करणाऱ्याचा आवाज मध्येच बंद पडला तरी माळ थांबत नाही. बाकीचे ती पुढे नेतात. त्याच्या वाट्याचे शब्द दुसऱ्यांनी म्हणावयाचे आणि त्याला जमेल तेव्हा त्याने पुन्हा सामील व्हावयाचे, अशी ही सोय आहे. सांत्वन हा शब्द आपण फार वापरतो. येथे तो प्रत्यक्ष कानांनी ऐकू येतो.

येथे दोन पंथांतील एक भेद सांगणे जरूर आहे. कॅथलिक लोक मृताच्या आत्म्यासाठीही प्रार्थना करतात. सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने त्याच्या नावे मिस्सा अर्पण करण्याची प्रथा आहे. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी १८६५ मध्ये सुरू झालेल्या शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात फुले आणि मेणबत्त्या घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे जातात. प्रॉटेस्टंट लोक मृताला देवाच्या हाती सोपवतात, त्याच्यासाठी काही मागत नाहीत. त्याच्या आयुष्याबद्दल आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. त्यांच्या घरी पाळक येतात, शास्त्रवाचन होते, मराठी गीते गायिली जातात. पहिल्या पद्धतीत गेलेल्या माणसासाठी अजून काही करता येते, हा दिलासा आहे. दुसऱ्या पद्धतीत आपल्याकडून काही राहून गेले तरी त्याचे अडणार नाही, हा दिलासा आहे. शोकात या दोन्ही गरजा माणसाला भासतात.

दुःखाची मराठी

प्रार्थना कोणत्या भाषेत करावी हा प्रश्न शोकात फार महत्त्वाचा ठरतो. व्यवहाराला परकी भाषा चालते. रडावयाला चालत नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ. त्याने ओवीच का निवडली? ती पुराणाची होती म्हणून, आणि ती लोकांच्या ओठांवर होती म्हणून. जात्यावर बसून माहेरची आठवण आणि मेलेल्या लेकराची सय ज्या छंदात बायांनी काढली, त्याच छंदात त्याने ख्रिस्ताचे दुःख सांगितले. १९०७ मध्ये मंगळुराहून आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत या ग्रंथाच्या आवृत्त्या काढल्या, त्यामुळे तो मराठी वाचकांच्या हाती पुन्हा आला.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील प्रॉटेस्टंट उपासनेत मराठी गीते होती, पण त्यांतील पुष्कळशी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे होती. टिळकांनी हे चित्र बदलले. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन उपासनेत आणले. 'उपासना संगीत' या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या रचनांना मोठे स्थान आहे. टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणता येईल असे सांत्वनगीत त्यांच्यामुळे मराठी ख्रिस्ती घराला लाभले.

परंतु हे सांगत असताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ज्या प्रार्थनेने त्यांचे मन शांत झाले तीच प्रार्थना लक्ष्मीबाईंच्या घरावर कुऱ्हाडीसारखी कोसळली. नवरा जिवंत आहे आणि संसार मात्र मोडला, असे दुःख त्यांच्या वाट्याला आले. त्या दुःखातच त्यांनी कविता रचली. पुढे काही वर्षांनी त्या टिळकांकडे परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे कोणावर राग न धरता, हसत-रडत सांगितले आहे. १९१९ मध्ये टिळक मुंबईत वारले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. सुरुवातीचे अध्याय त्यांचे; पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या बाईला नवऱ्याच्या नव्या देवाने रडविले होते, तिनेच त्या देवाची कथा नवऱ्यामागे पुरी केली. त्यांच्या वैधव्यातली ही एक दीर्घ प्रार्थनाच म्हटली पाहिजे. एकाचे सांत्वन दुसऱ्याचा शोक होऊ शकते, ही जाणीव ठेवून बोलणारी माणसे त्या पिढीत होती. आपणही ती ठेवावी.

खोताच्या वाडीतला क्रूस

गिरगावात खोताची वाडी आहे. तेथील लाकडी जिन्यांची आणि गॅलऱ्यांची घरे पाहावयास आता दूरदूरची माणसे येतात. तेथेच वस्तीतल्या लोकांनी १८९९ मध्ये बांधलेले एक छोटे प्रार्थनास्थान आहे, क्रूसाचे. त्याच्यामागे मुंबईच्या प्लेगचा इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना उचलून इस्पितळांत आणि नातलगांना छावण्यांत नेण्यात आले. माणूस मेला की त्याच्याभोवती चार माणसांनी जमावे, एवढेही अनेकांच्या नशिबी राहिले नाही. त्या काळात मुंबईच्या जुन्या ईस्ट इंडियन वस्त्यांतून ठिकठिकाणी उघड्यावर क्रूस उभे राहिले. संध्याकाळी लोकांनी तेथे जमावयाचे, मेणबत्त्या लावावयाच्या, माळ किंवा लदीन म्हणावयाची. क्रूसाच्या सणाला लदीन झाल्यावर उकडलेले चणे वाटण्याची चाल अनेक वस्त्यांत पुढेही राहिली. ज्या प्रार्थनेचा उगम साथीच्या भीतीत, तिच्या शेवटी मुलांच्या ओंजळीत चणे पडावेत, यात माणसाच्या जगण्याची सारी चिकाटी आहे. खोताच्या वाडीतले प्रार्थनास्थान वाचलेल्यांनी कृतज्ञतेने बांधले. पण वाचलेला माणूस गेलेल्यांना विसरून आभार मानू शकत नाही. त्या आभारांत शोक मिसळलेला असतोच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. गिरगावचा क्रूस आणि परळची प्रयोगशाळा या एकाच शहराने एकाच वर्षी उभारलेल्या दोन वास्तू होत. पुढच्याला वाचविण्याचे काम लशीचे. गेलेल्यासाठी रडणाऱ्याला सावरण्याचे काम प्रार्थनेचे. एकीने दुसरीचे काम करू पाहिले की अनर्थ होतो. औषधाच्या जागी प्रार्थना ठेवणारा रोग्याचा घात करतो. आणि आकडे दाखवून आईला गप्प करू पाहणारा तिच्या दुःखाचा अपमान करतो.

पंडिता रमाबाई

प्रार्थना करणाऱ्याला दुःख चुकते, असे कोणास वाटत असेल तर त्याने पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले. पदरी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी येथेच, गिरगाव चौपाटीला, त्यांनी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्याला गेले. बाप्तिस्म्याबरोबर आपल्याला शांती लाभली असे रमाबाई म्हणत नाहीत. ती लाभावयास आणखी सुमारे आठ वर्षे गेली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. सांत्वन हे विकत घेतलेल्या वस्तूसारखे त्याच दिवशी हाती पडत नाही, याची ही मोठी साक्ष आहे.

पुढे केडगावला त्यांनी शेकडो निराश्रित मुलींना आसरा दिला आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सारे सोपवावयाचे ती मुलगीच राहिली नाही. त्यानंतरचे महिने रमाबाईंनी भाषांतराचे काम पुरे करण्यात घालविले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल हे कोणी सांगू शकणार नाही. पण विलापस्तोत्रे मराठीत आणणारा हात एका मूल गमावलेल्या आईचा होता, एवढे आपल्याला ठाऊक आहे.

हे केवळ मनाचे समाधान आहे काय?

आता बुद्धिवादी श्रोत्यांचा प्रश्न. हे सारे मनाला दिलेले समाधान नव्हे काय? ऐकणारा कोणी आहे की नाही, याचा निर्णय कोणत्याही व्यासपीठावर होणार नाही. शब्द, सोबत आणि ठरलेल्या वेळा यांचा आधार श्रद्धा नसणाऱ्यालाही समजू शकतो. मात्र ख्रिस्ती माणसाची प्रार्थना एवढ्यावर थांबत नाही. मृत्यू हा शेवट नाही, ख्रिस्त उठला आणि आपली माणसेही उठतील, या विश्वासावर ती उभी आहे. तो वगळून तिचे वर्णन केले तर ते अर्धेच होईल.

पण विश्वास आहे म्हणून शोक लहान होतो असे नाही. सी. एस. लुइस हे ख्रिस्ती धर्मावरील लेखनासाठी जगभर नावाजलेले लेखक. १९६० मध्ये त्यांची पत्नी वारली. त्यानंतर त्यांनी लिहिलेले छोटे पुस्तक १९६१ मध्ये टोपणनावाने निघाले; आरंभीच्या दिवसांत प्रार्थना म्हणजे बंद दारावर मारलेली थाप वाटली, असा अनुभव त्यांनी तीत प्रामाणिकपणे नोंदविला. ख्रिस्ती पंचांगात शुभ शुक्रवारी मृत्यू आहे आणि रविवारी पुनरुत्थान. मध्ये शनिवार येतो. त्या दिवशी वेदी उघडी असते, दिवसभर मिस्सा होत नाही. शोक करणारा माणूस बराच काळ या शनिवारातच राहत असतो, आणि त्यासाठी पंचांगात एक अख्खा दिवस राखून ठेवलेला आहे.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. तिला हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे येतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकावयास असतात. ज्याचे जे दुखते ते त्याने वाहावयाचे. आत विनंतीची आणि आभाराची पत्रे वाचली जातात. आपली व्यथा अनोळखी माणसांच्या मेळाव्यात मोठ्याने वाचली जाते, एवढ्यानेही तिचा भार थोडा वाटून घेतला जातो. मार्च २०२० मध्ये हे सारे थांबले. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. मधल्या काळात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. कित्येक घरांनी टेलिफोनवर माळ जपली. एका टोकाने अर्धी प्रार्थना, दुसऱ्या टोकाने उरलेली. त्या दिवसांत प्रत्येक धर्माच्या माणसाला एक गोष्ट कळली: मृत्यूपेक्षाही, मृत्यूनंतर कोणी येऊ न शकणे जास्त जाळते.

म्हणून शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. ईयोबाच्या पुस्तकात सात मुलगे आणि तीन मुली गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. तोवर ते खरे मित्र असतात. मग ते तोंड उघडतात, त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात, आणि ग्रंथाच्या अखेरीस देव त्या स्पष्टीकरणांवरच रागावतो. 'देवाची इच्छा' हे शब्द शोक करणाऱ्याने स्वतः, त्याला जमेल त्या दिवशी उच्चारले तर ती प्रार्थना होते. समाचाराला आलेल्याने त्याच्या तोंडावर फेकले तर तो घाव होतो.

चाळीत किंवा इमारतीत एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे मृत्यू झाला, तर दारात चपला काढून आत बसावे. माळ सुरू असेल, गीत सुरू असेल. शब्द येत नसले तरी चालेल. प्रार्थनेतला 'आम्ही' पुरा होण्यासाठी माणसे लागतात, आणि त्यांत आपलीही एक जागा असते.